कराचीच्या आजोबांचं सहावं कलम

तेवीस किलोच्या बॅगेत जयंतरावांनी स्वतःचं असं काय आणलं होतं, तर दोन सदरे, एक स्वेटर आणि उद्याच्या कार्यक्रमासाठी रेशमी कद. बाकी सगळी बॅग पुस्तिकांनी भरलेली. कदाला इस्त्री करायची म्हणून सुलेखाने शनिवारी सकाळी बॅग उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. मेतकूट नाही, गोडा मसाला नाही, गुळाची ढेपसुद्धा नाही! पुण्याहून जर्मनीत गेर्लिंगेनला येणारा सासरा सुनेसाठी मसाला विसरतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी जबरदस्त घोळत असतं, एवढं तिला एकवीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"अहो बाबा, हे काय?"

"साठ प्रती आहेत," जयंतराव खुशीत म्हणाले. "उद्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एकेक द्यायची. पानसुपारीच्या जागी."

उद्या रविवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. एक्याऐंशी वर्षं पुरी झाली, हजार पौर्णिमा बघून झाल्या. मुलगा आणि मुलगी दोघंही जर्मनीत, मग पुण्यात एकट्याने कुणाकडून ओवाळून घ्यायचं? म्हणून गावातल्या चर्चशेजारचा हॉल घेतला होता. स्टुटगार्टच्या आसपासची मराठी मंडळी येणार होती. लेक ईप्सिता म्युनिकहून सकाळच्या गाडीने आली होती आणि भावाशी, श्रीपादशी, खुर्च्या किती मांडायच्या यावरून वाद घालत होती. नात उर्जा कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठातून खास सुट्टी काढून आली होती, आणि आजोबांच्या शेजारी बसून ती पुस्तिका बोट लावून वाचत होती. तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण आजोबांसमोर हार मानायची नाही, हा तिचा हट्ट.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक फोटो होता. चष्मा, पाडलेला भांग, गळ्याशी बटण लावलेला कोट. घरात या माणसाला सगळे ‘कराचीचे आजोबा’ म्हणत. नाव नागेश. कराचीच्या मराठी शाळेत गणिताचे मास्तर, कम्युनिस्ट, आणि फाळणीनंतरच्या दंगलीत, अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत, गेलेले. सुलेखा या घरात आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं, आणि नंतर कुणी वेगळं काही सांगितलं नव्हतं.

"आजोबा, हे ‘कलकत्ता’ का?" उर्जाने विचारलं. "ते कराचीचे होते ना?"

"तिथंच तर गंमत आहे!" जयंतराव खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीअखेर पक्षाची परिषद भरली कलकत्त्याला. देश दोन झाले, मग पक्षही दोन करायचा ठरला. पाकिस्तानातून आलेले वेगळे बसले, आणि तिथल्या तिथे पाकिस्तानचा कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. नव्या देशाचा पक्ष त्या देशाबाहेर जन्मला बघ, माहेरी बाळंतपण व्हावं तसा. पश्चिमेकडून मोजकेच लोक होते. माझे वडील प्रतिनिधी नव्हते. अक्षर चांगलं म्हणून त्यांना टिपणं घ्यायला नेलं होतं."

"फेब्रुवारी?" सुलेखा इस्त्रीपाशी थांबली. "पण ते तर जानेवारीत..."

जयंतराव तिच्याकडे बघून नुसते हसले. "वाच की. सगळं त्यातच आहे."

तिने एक प्रत उचलली. मास्तरांच्या वहीतली पानं जशीच्या तशी छापली होती, समोर टाइप केलेला मजकूर. पक्षाला काय हवं आहे ते मास्तरांनी फळ्यावर लिहावं तसं क्रमाने मांडलं होतं. जमीन कसणाऱ्याची, आणि जमीनदाराला मोबदला नाही. कामाचे आठ तास. ब्रिटिशांच्या राष्ट्रकुलातून बाहेर. बंगाली, सिंधी, पुश्तू, बलुची, पंजाबी, सगळ्या भाषांना सारखा मान. बाईला पुरुषाइतकी मजुरी. आणि सहावं कलम: नव्या देशात जो राहील, त्याचा धर्म कुठलाही असो, तो पुरा नागरिक. त्याखाली बारीक अक्षरात मास्तरांनी स्वतःसाठी लिहिलं होतं, "हे कलम लिहायचं आणि आपण मुंबईच्या बोटीत बसायचं? ज्यांच्यासाठी लिहिलं ते सगळे निघून गेले तर ते मागणार कोण? मनोरमेला मुंबईत भावाकडे पोचवलं आहे. जयूला ताप आहे. मी परत जातो." मनोरमा म्हणजे जयंतरावांची आई, आणि जयू ते स्वतः.

"आल्झो, म्हणजे," उर्जा म्हणाली, "तो म्हणतो की मी लिहिलं, म्हणजे मला राहायला पाहिजे. कोन्सेक्वेंट! बोलला तसं वागला!"

"‘तो’ नाही, ‘ते’," सुलेखा सवयीने म्हणाली आणि तिने पान उलटलं. चौदावं पान. त्यावर एका पासपोर्टचा फोटो होता. तोच चष्मा, तोच कोट. वर उर्दूत आणि इंग्रजीत पाकिस्तान. नागरिकत्वाच्या रकान्यात पाकिस्तानी. सन एकोणीसशे बावन्न.

सुलेखाने इस्त्री बंद केली.

या घराचे सगळे फॉर्म तीच भरायची. घरभाडं, विमा, उर्जाचं शाळाप्रवेशाचं बाड, श्रीपादचा कायमचा परवाना, सगळं. तिच्या हातची एकही फाइल कुठल्याही खिडकीवरून परत आली नव्हती आणि याचा तिला थोडा गर्वच होता म्हणाना. उर्जाचं आणि ईप्सिताचं ओसीआय कार्डही तिनेच काढून दिलेलं. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भारतीयाला जन्मभर व्हिसाशिवाय मायदेशी येऊ देणारं ते कार्ड. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुमचे आईवडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा यांपैकी कुणी कधी पाकिस्तानचे नागरिक होते का? असतील, तर कार्ड मिळत नाही. तिने दोन्ही वेळा डोळे झाकून ‘नाही’ लिहिलं होतं. कराचीचे आजोबा अठ्ठेचाळीसलाच गेले, मग कसलं नागरिकत्व? आणि येत्या मंगळवारी लांडरात्साम्टमध्ये, म्हणजे जिल्हा कचेरीत, श्रीपादला नागरिकत्वासाठी टेर्मिन, ठरलेली वेळ, मिळाली होती. उर्कुंडे, म्हणजे नागरिकत्वाची सनद, हातात पडली की तो जर्मन आणि भारतीय पासपोर्ट संपला. पुढच्याच आठवड्यात त्याच्यासाठी तोच फॉर्म, तोच प्रश्न.

"श्रीपाद," तिने हाक मारली. "ईप्सिता, तूही ये. बसा जरा."

पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात जे झालं त्याला सभ्य शब्दात चर्चा म्हणायचं. श्रीपादने चौदावं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. ईप्सिता एकदाच वाचून उभी राहिली.

"बाबा, हे तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"म्हणजे? माझे वडील होते ते. पहिल्यापासून."

"आणि आम्हाला सांगितलंत अठ्ठेचाळीस साली गेले म्हणून!"

"आईने तसंच सांगायला शिकवलं होतं. ती होती तोवर तिचा शब्द मोडायचा नव्हता. आणि ती गेल्यावर..." जयंतराव अडखळले. "राहून गेलं. आता म्हटलं, एक्याऐंशी झाली, आता नाही सांगितलं तर कधी?"

"पण त्यांनी पासपोर्ट घेतला हे छापायची काय गरज होती?" श्रीपाद म्हणाला. "वही छापा, कलमं छापा, कोण नको म्हणतंय?"

सुलेखाने फॉर्मचा प्रश्न समजावून सांगितला. जयंतरावांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकच पासपोर्ट काढला होता आणि तोही मुलाकडे यायला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"सत्तर-बाहत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट," ते म्हणाले. "त्याचं आता कुणाला काय?"

"कायद्याला आहे ना!" ईप्सिताचा आवाज चढला. "माझं कार्ड रद्द होईल. उर्जाचं होईल. श्रीपादला मिळणारच नाही. मग साध्या व्हिसाचा फॉर्म, त्यावरही हाच प्रश्न, आणि ‘हो’ म्हटलं की महिनोन् महिने चौकशी. तुम्ही पुण्यात एकटे राहता, बाबा. उद्या तुम्ही बाथरूममध्ये पडलात, तर आम्ही काय करायचं? इथे बसून चौकशी संपायची वाट बघायची? आमची आई गेली तेव्हा मी चौदा तासांत पोचले होते. आठवतं?"

आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," श्रीपाद शेवटी म्हणाला. "बाबा, माफ करा, पण मीही ईप्सिताच्या बाजूने आहे. पुस्तिका वाटायची नाही."

खुर्च्यांवरून सकाळी एकमेकांचे गळे धरणारी भावंडं दुपार व्हायच्या आत एक झाली, हे बघून एरवी सुलेखाला हसू आलं असतं. उर्जा मात्र उसळली. तिला राग आला की मराठी संपतं. ती जर्मनमध्येच म्हणाली की आता माहीत असून लपवलं तर ते खोटं आहे आणि आजोबांच्या वडिलांना तुम्ही दुसऱ्यांदा मारताय. कार्ड माझंही आहे, जाऊ दे गेलं तर!

"तू गप्प बस," श्रीपाद म्हणाला. "तुला दर वर्षी जायचं नसतं."

"आणि वहिनी," ईप्सिता वळली, "फॉर्म तू भरलास. तुला काय वाटतं ते सांग ना."

सुलेखाला काय वाटत होतं? तिचे स्वतःचे आजोबा कोपरगावचे, पिढ्यान् पिढ्या तिथलेच. ती पुढेमागे जर्मन झाली, तरी तिला कार्ड बिनबोभाट मिळालं असतं. नवरा आणि मुलगी विमानतळावर एका रांगेत आणि आपण दुसरीत, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. भीती वाटली, खरं सांगायचं तर.

"मला वाटतं, उद्या नको," ती म्हणाली. "नंतर बघू."

‘नंतर बघू’ म्हणजे काय ते मराठी घरात लहान पोरालाही कळतं. जयंतरावांनी मान डोलावली. टेबलावरची प्रत उचलली, बॅगेत ठेवली आणि चेन ओढली. एक्याऐंशीव्या वर्षी चेन ओढायलाही वेळ लागतो. कुणी मदतीला उठलं नाही.

दुपारी सगळे हॉल सजवायला गेले. सुलेखा मागे राहिली ती कणकेचे दिवे करायला. ओवाळायला एक्याऐंशी लागणार होते. जयंतराव स्वयंपाकघरात आले, हात धुतले आणि तिच्यासमोर बसून गोळे करायला लागले. ते चांगले करत. सासूबाई गेल्यापासून त्यांचं पुण्यातलं सगळं तेच करत.

"रागावलात, बाबा?"

"छे गं. पोरांचं बरोबरच आहे." ते दोन दिवे करून थांबले. "सुलेखा, त्यांनी तो पासपोर्ट का घेतला, माहितीये? पक्षाचं काम त्यांचं कागदावाचून चाललं होतं. बावन्न साली नवा नियम आला. पासपोर्टाशिवाय इकडून तिकडे जाता येईना. आणि त्यांना मुंबईला यायचं होतं. मला बघायला."

सुलेखाचे हात थांबले.

"त्रेपन्नच्या मे महिन्यात आले. बारा दिवस. आई तेव्हा शाळेत शिकवायची. नोकरी धरताना तिने नवरा दंगलीत गेला म्हणून लिहून दिलं होतं. कम्युनिस्ट नवरा आणि तोही पाकिस्तानात, असं सांगितलं असतं तर कुणी उभं केलं असतं तिला? मग हे आले. रोज सकाळी पोलीस ठाण्यात हजेरी लावून यायचे. ठाणं लांब होतं, पण शेजारी जवळ होते. आईने मला बजावलं, ‘लोकांसमोर यांना मामा म्हणायचं.’ आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. त्यांच्यासमोरही तिने लावलं नाही. नऊ वर्षांचा होतो मी. मला वाटलं, घरात तरी बाबा म्हणावं. पण चुकून बाहेर तोंडून गेलं तर? म्हणून घरातही मामाच म्हटलं. बारा दिवस. त्यांनी मला अपूर्णांक शिकवले. निघताना म्हणाले, पुढच्या वर्षी येतो. पुढच्या वर्षी पक्षावर बंदी आली, त्यांना तुरुंगात घातलं. सत्तावन्नला गेले. त्यांच्या एका मित्राने वही आणि पासपोर्ट पाठवला, म्हणून कळलं तरी."

त्यांनी पुढचा गोळा घेतला, अंगठ्याने खळगा केला.

"एकदाही हाक मारली नाही गं मी. म्हणून छापलं. चार लोकांत म्हणायचं होतं, हे माझे वडील, हे असे होते आणि ते मला भेटायला आले होते. बास, एवढंच. पक्ष काय, उभा राहिला आणि बुडाला. पण जाऊ दे. मला बाप बघायला बारा दिवस तरी मिळाले. माझ्यामुळे माझ्या मुलांची वाट बंद व्हायला नको."

सुलेखा रडली. कणकेच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे चेहरा सगळा पिठाचा झाला. जयंतरावांनी तिला फडकं दिलं आणि उगाच दिवे मोजायला लागले.

संध्याकाळी ईप्सिता हॉलवरून परतली तेव्हा सुलेखाने तिला बाल्कनीत गाठलं आणि ऐकलं होतं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही आणि आपलं पदरचं घातलं नाही. ईप्सिता कठड्याला टेकून ऐकत राहिली.

"हे मला कशाला सांगतेस, वहिनी?" ती शेवटी म्हणाली.

"कारण माझ्या एकटीच्याने पेलवेना."

"मला बाबांपर्यंत चौदा तासांत पोचायचंय. त्यात माझं काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं."

"मग?" ईप्सिताने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती आत गेली आणि न जेवता झोपायला गेली. श्रीपादला सुलेखाने सांगितलं, तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्याचा दिवस पार पडू दे," आणि गुरुजींना आणायला कुणाची गाडी पाठवायची ते बघायला लागला. माणसाला कधी कधी गाडी बघायची सोय असते, हेच बरं.

रविवार मात्र झकास उजाडला. हॉल भरला. फ्रँकफर्टहून आलेल्या गुरुजींनी घड्याळाकडे बघत मंत्र म्हटले, कारण चर्चवाल्यांना दोनला हॉल रिकामा करून हवा होता. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून दिवे नऊ-नऊ करून लावले आणि सुलेखाने, ईप्सिताने, उर्जाने आळीपाळीने ओवाळलं. जयंतराव कद नेसून, उपरणं घेऊन पाटावर बसले होते. गोरेगोमटे, सुकलेले, देखणे. नंदिनी म्हणून एक हौशी बाई मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायची, तिने माइक त्यांच्या हातात दिला.

"काका, दोन शब्द बोला ना. तुमच्या लहानपणाबद्दल! तुम्ही कराचीचे ना? केवढा इतिहास पाहिलाय तुम्ही!"

सुलेखाने श्रीपादकडे बघितलं, तो जमिनीकडे बघत होता.

जयंतरावांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

"माझा जन्म कराचीचा," ते म्हणाले. "चार वर्षांचा असताना आईबरोबर बोटीने मुंबईला आलो. आईने फार कष्टाने वाढवलं. शाळेत शिकवायची ती." ते थांबले. "वडील... माझे वडील तिकडेच, अठ्ठेचाळीस साली, दंगलीत..."

त्यांना पुढचा शब्द सापडेना. सगळ्या आयुष्यात शेकडो वेळा बिनचूक म्हटलेलं वाक्य, आणि ते शेवटाला जाईना. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाला भरून आलंय. नंदिनी माइक घ्यायला पुढे झाली.

"नाही, बाबा."

ईप्सिता उभी होती. हातात निरांजनाचं तबक तसंच. साठ माणसं तिच्याकडे वळली, त्यातले निदान चार जण मोबाइलवर चित्रीकरण करत होते, आणि हे तिला दिसत होतं.

"तुम्ही चुकीचं सांगताय," ती म्हणाली. "आजोबा दंगलीत नाही गेले. ते तिकडे राहिले. पाकिस्तानचे नागरिक झाले. आणि त्रेपन्न साली पाकिस्तानी पासपोर्टवर ते मुंबईला आले होते. कशाला आले होते ते सांगा."

श्रीपादने मान वर केली. तो उठला आणि बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

जयंतरावांनी माइक तोंडाशी नेला.

"मला भेटायला," ते म्हणाले. "बाबा मला भेटायला आले होते."